सातची मालिका सकाळी सहाला

दसरा उलटला की आमच्या गल्लीला पऱ्हाटीचा, कापसाच्या झाडांचा, वास येऊ लागतो. रानं गावाबाहेर आहेत, पण संध्याकाळी वेचणीहून परतणाऱ्या बायका तो वास अंगावर घेऊन येतात. वाळक्या पाल्याचा, धुळीचा, जरासा घामाचा. त्यांच्या पदराला कापसाचे बारीक तंतू चिकटलेले असतात. शाळा सुटल्यावर मी जाफराबादहून जीपनं येते, तेव्हा शेजारी अशीच कुणीतरी बसलेली असते आणि उतरताना माझ्या साडीलाही दोन-चार तंतू लागलेले असतात. नवी नवरी होते तेव्हा मी ते झटकायची. आता झटकत नाही.

यंदा बोंडं लवकर फुटली. परवा जीपमधून उतरले, तर गल्लीच्या तोंडाशी कापसाचा टेम्पो थांबलेला. गाठोडी इतकी उंच रचलेली की वरून गेलेली केबलची काळी वायर त्यांच्यात अडकली होती. गाठोड्यांवर बसलेला माणूस बेचक्याच्या काठीनं वायर उचलून धरत होता आणि खालून चार जण त्याला चार दिशांनी सल्ले देत होते. मी तिथंच उभी राहून पाहत राहिले. परवाच्या वर्षीच्या वेचणीत हीच वायर तुटली आणि आमच्या घरातून केबल गेली. त्या वेचणीत मी आणखी एक गोष्ट तोडून ठेवली होती, ती जोडायला मात्र केबलवाल्याचा उपयोग नव्हता.

केबलचा मला मनापासून कंटाळा होता, हे आधी कबूल करते. दिवसभर वर्गातला कलकलाट ऐकून घरी यावं, तर सात वाजता गल्लीतल्या प्रत्येक घरातून एकच मालिका एकाच वेळी सुरू व्हायची. कोपऱ्यापासून घरापर्यंत चालत आलं तर एकही वाक्य सुटायचं नाही. जाहिरात लागली की सगळ्या घरांतून एकदम भांड्यांचे आवाज. कुणी कुकर चढवायचं, कुणी शेळी आत बांधायचं, कुणी लेकराच्या पाठीत धपाटा घालायचं. जाहिरात संपली की पुन्हा सगळं चिडीचूप. वेचणीच्या दिवसांत टेम्पोनं वायर तोडली की मात्र गंमत असायची. सगळ्या बायका एकदम दारात यायच्या.

"तुझ्याकडचं बी गेलं का?"

"गेलं न. तुझं?"

सगळ्यांचंच गेलंय म्हटल्यावर प्रत्येकीचा जीव भांड्यात पडायचा. मग तिथंच दारात बसून पुढं काय झालं असेल याचा काथ्याकूट. त्यातली एकेक गोष्ट मूळ मालिकेपेक्षा सरस असायची, असं माझं प्रामाणिक मत आहे.

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, या बाबतीत गल्लीच्या पुढारी. नाव शेवंताबाई, पण मी आत्याबाईच म्हणते. मालिका पाहणं हा त्यांच्या लेखी अर्धाच भाग. उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी रानात. आमची चार एकर, शेजारी बांधाला बांध लागून केसरकाकूंचं शेत, पलीकडं आणखी चौघींचं. वेचणी सावडीनं चालते. आज सगळ्या मिळून आमच्या रानात, उद्या केसरकाकूंच्या, परवा तिसरीच्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. कमरेला जुन्या लुगड्याची झोळी बांधून प्रत्येकीनं झाडांची एकेक ओळ, आपली पात, धरायची आणि आत्याबाईंनी मधली पात घ्यायची, म्हणजे दोन्ही टोकांना ऐकू जावं. मग आदल्या संध्याकाळचा भाग त्या पुन्हा सांगायच्या. खलनायिकेचं मान वेळावणं, सासऱ्याचा खोकला, सगळं नकलेसकट. कुणाची भाकरी तव्यावर होती, कुणाला डुलकी लागली होती, त्या सगळ्यांचं सुटलेलं असं रानात भरून निघायचं. हात बोंडावर, कान आत्याबाईंकडं. मी सुट्टीच्या दिवशी जायची. माझी पात नेहमी मागं पडायची आणि बोटांच्या कडा बोंडाच्या काट्यांनी सोलून निघायच्या, पण त्या गोष्टीत मीही गुंतायची, हे नाकारत नाही.

माझं माहेर शहागडचं. हमरस्त्यावर वडिलांचं चहाचं हॉटेल होतं आणि फळीवर टीव्ही. ट्रकवाले उभ्या उभ्या चहा पीत सिनेमा पाहायचे आणि ऐन मारामारीत पैसे टाकून निघून जायचे. मला लहानपणी वाटायचं, उरलेला सिनेमा ते पुढच्या हॉटेलात पाहत असतील. मलाही काम सांगून उठवायचे, त्यामुळे एकाही गोष्टीचा शेवट मी धड पाहिलेला नाही. कुणी शेवट आधीच सांगून टाकला तर माझं काही बिघडत नाही, उलट बरंच वाटतं. लोकांचं बिघडतं, हे मला परवाच्या वर्षी कळलं.

त्या वर्षी माझी लेक प्रज्ञा दहावीला होती. एका आठवड्यात दोनदा वायर तुटली आणि दुसऱ्या वेळी दोन दिवस काही जोडली गेली नाही. मी ठरवून टाकलं. घरात इंटरनेट होतंच. केबल बंद करायची आणि ऑनलाइन सबस्क्रिप्शन घ्यायचं. पाहिजे ते पाहिजे तेव्हा पाहा, संध्याकाळी पोरीला अभ्यासाला शांतता. नवरा जालन्याला नोकरीला, शनिवारी येतो, त्यानं फोनवर "तुला बराबर वाटतं तसं कर" म्हटलं. केबलवाले दादा आले, खोकं काढलं, दारापासून खांबापर्यंतची वायर कोपरावर गुंडाळली.

"बघा म्याडम. परत लावायची म्हटली तं टाइम लागंल," ते म्हणाले.

"नाही लागणार परत," मी म्हणाले. फार ठामपणे म्हणाले.

आत्याबाईंनी त्यांना चहा करून दिला आणि निरोप द्यायला दारापर्यंत गेल्या. पंचवीस वर्षं ज्या माणसाला 'कधी जोडतो रे वायर' म्हणून हाका मारल्या, त्याच्यावर आता रागवायची सोय राहिली नाही, असं काहीसं त्यांच्या तोंडावर होतं.

नव्या व्यवस्थेत प्रज्ञानं प्रत्येकाच्या नावाचा चौकोन करून दिला. आत्याबाईंच्या चौकोनात चष्मा लावलेल्या घुबडाचं चित्र. त्यांना ते आवडलं. थांबवण्याचं बटण मात्र अजिबात आवडलं नाही. पडद्यावर एक बाई रडत असताना मी दूध उतू जातंय म्हणून बटण दाबून उठले, तर म्हणाल्या, "तिला तसंच रडत ठेवून कुठं निघाली? बंद तरी कर." तेव्हापासून आमच्या घरात कुणाला रडताना थांबवत नाहीत. दूध जातं उतू.

संध्याकाळी टीव्ही बंद म्हटल्यावर आत्याबाईंनी मालिकेला सकाळची वेळ नेमून दिली. पहाटे उठणं त्यांच्या अंगवळणीच. सहा वाजता चहाची बशी हातात, भिंतीवर बुद्धांची तसबीर, खाली टीव्ही, समोर त्या. पहिल्या सकाळी त्यांनी मला विचारलं, "हे कालचंच हाय ना गं?" मी स्वयंपाकघरात डबे भरत होते. वळूनही न पाहता म्हणाले, "हो, कालचंच."

ते कालचं नव्हतं. सबस्क्रिप्शन घेणाऱ्यांना संध्याकाळी सातचा भाग सकाळीच दाखवतात. हे प्रज्ञाला माहीत होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. दोन दिवस वायर तुटलेली, त्यामुळे हा भाग एक दिवस पुढचा आहे हेही आत्याबाईंना कळलं नाही. चहा संपवून, झोळी घेऊन त्या आनंदानं रानात गेल्या. सांगायला फार मोठी बातमी होती.

मालिकेतली थोरली सून नंदा सहा महिन्यांपासून घराबाहेर काढलेली होती. ती परत येणार की नाही यावर अख्ख्या गल्लीत दोन तट होते. पण या प्रश्नात सगळ्यात जास्त जीव गुंतला होता केसरकाकूंचा. त्यांचे मालक त्याच उन्हाळ्यात गेले. दोघं ती मालिका रोज बरोबर पाहायचे. काका म्हणायचे, नंदा येणार. काकू म्हणायच्या, न्हाई येत. काका गेल्यावर काकूंनी बाजू बदलली. "ती आली ना, त्या दिवशी मी शिरा करते, ह्यांना आवडायचा तसा," असं त्यांनी रानात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

त्या दिवशी सावड केसरकाकूंच्याच रानात होती. आत्याबाईंनी मधली पात धरली आणि दोन-चार बोंडं वेचून होताच सुरुवात केली. नंदा कशी आली, उंबऱ्याबाहेर कशी उभी राहिली, सासऱ्यानं स्वतः आरतीचं ताट कसं आणलं. मग एकजण म्हणाली, "शेवंताकाकू, हे कधी झालं? काल तं ती बसस्टँडवर बसेल होती."

"काल न्हाई, आज दाखवणार हाय मंग हे," दुसरीनं ओळखलं. "तुमच्या त्या नव्या टीव्हीवर पहिलेच येतं."

आत्याबाईंनी केसरकाकूंकडं पाहिलं. काकूंचे हात थांबले होते. झोळीतला कापूस गाठोड्यावर रिकामा केला, "माझं डोकं दुखून राह्यलं," म्हणाल्या आणि स्वतःच्याच रानातून, दहा वाजता, घरी निघून गेल्या. संध्याकाळी त्यांच्या घरातून सात वाजता काहीच आवाज आला नाही. शिराही झाला नाही.

मी शाळेतून आले तेव्हा आत्याबाई ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या. सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "तिला तिच्या डोळ्यानं पाहायचं होतं, वैशाली. मालकांच्या वाटचं बी. मी पहिलेच तोंड घातलं."

दुसऱ्या दिवशी सावड आमच्या रानात. केसरकाकू आल्या नाहीत. कंबर धरली म्हणून निरोप आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा निरोप. आभाळ भरून येत होतं, फुटलेला कापूस बोंडातून लोंबत होता, आणि रानात पाच बायका मुकाट्यानं वेचत होत्या. मधल्या पातीतून आवाजच येत नव्हता.

या दोघींचं काय होतं ते सांगायला पाहिजे. आमचं बौद्धांचं घर, केसरकाकूंचं गावातलं जुनं शेतकऱ्यांचं. गल्लीच्या या भागात पहिला टीव्ही आमच्याकडं आला तेव्हा काकू नव्या सून होत्या. रविवारी त्या आमच्या दारात बसून टीव्ही पाहायच्या. आत यायच्या नाहीत, पाणी घ्यायच्या नाहीत. घरून तशी ताकीद होती. एका रविवारी सिनेमा चालू असताना त्यांनी मागं न पाहता हात पुढं केला आणि म्हणाल्या, "शेवंते, पाणी दे." आत्याबाईंनी तांब्या दिला. त्यावर दोघींत कधी चर्चा झाली नाही. त्यानंतर बाळंतपणं, लग्नं, काकांचं आजारपण, सगळ्यात त्या एकमेकींच्या घरी होत्या. सावड मोडली तर कापूस मजुरांकडून वेचून घेता आला असता. पण आत्याबाईंना कापसाची काळजीच नव्हती. "केसर बोलंल ना गं परत?" एवढंच त्या मला दोन-तीनदा विचारून गेल्या.

मी म्हटलं, "केबल परत लावते. आजच फोन करते." ठामपणा कुठल्या कुठं गेला होता.

"राहू दे. केबलनं काय होतं? बोललेलं परत येतं का?" त्या म्हणाल्या.

मग मीच केसरकाकूंकडं गेले. चूक कबूल करायला शिक्षकांना फार जड जातं, हे मी अनुभवानं सांगते. काकू दारात बसून तूर पाखडत होत्या. मी म्हटलं, "काकू, आत्याबाईंनी मला विचारलं होतं, हे कालचंच ना म्हणून. मीच न पाहता हो म्हणाले. त्यांचा काही दोष नाही."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "तू शाळेत शिकवती ना? तिथं लेकरानं काही विचारलं तं बी अशीच न पाहता हो म्हणती?"

"कधी कधी," मी खरं ते सांगितलं.

त्यांच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. "तुझं झालं सांगून. पण तिला यायला काय झालं? तिचे पाय मोडले का?"

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. आत्याबाईंनी घड्याळ पाहिलं. सात वाजायला थोडा वेळ होता. त्यांनी तोंड धुतलं, पातळ बदललं, आणि मला म्हणाल्या, "चल." वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी कुणी पातळ बदलत नाही. मी मागोमाग गेले.

केसरकाकूंनी टीव्ही लावलेलाच होता. आत्याबाई उंबऱ्यापाशी थांबल्या. काकूंनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "आजचं पाहिलं असशील तू सकाळी."

"न्हाई पाहिलं. तीन दिवस झाले, लावलाच न्हाई."

"मंग आज काय पाहायला आली?"

"तुला," आत्याबाई म्हणाल्या.

काकूंनी सतरंजीचं टोक सरळ केलं. आत्याबाई आत जाऊन बसल्या. मी घरी आले आणि प्रज्ञाच्या शेजारी उगाचच तिचं विज्ञानाचं पुस्तक उघडून बसले. डोळे पुसले, तर ती म्हणाली, "आई, हा धडा इतका अवघड नाहीये." दुसऱ्या दिवशी रानात सहाच्या सहा पाती लागल्या. शिरा दिवाळीत झाला. नंदाला येऊन तोवर बरेच दिवस झाले होते, पण त्यानं चवीत काही फरक पडला नाही. मी दोनदा घेतला.

तेव्हापासून आत्याबाई रोज सातला केसरकाकूंकडं जातात. आमचं सबस्क्रिप्शन चालू आहे. प्रज्ञा त्यावर काय पाहते ते मला अर्धं कळत नाही. मी सुट्टीच्या दुपारी सिनेमे पाहते, तेही शेवटापर्यंत, या वयात. बरं वाटतं. इंटरनेट गेलं की फक्त आमच्याच घरी जातं, दारात येऊन कुणाला विचारण्यात अर्थ नसतो, एवढीच एक उणीव.

पण काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, सकाळी सहाला टीव्ही पुन्हा सुरू झालाय. आवाज अगदी बारीक. मी डोकावले, तर आत्याबाई संध्याकाळचाच भाग पाहत होत्या.

"आत्याबाई, पुन्हा?"

"कोणाला सांगत न्हाई मी," त्या घाईनं म्हणाल्या. "सांगणार बी न्हाई." मग पडद्याकडंच पाहत, "केसरला एकदम काही दिसलं ना, मेलेलं, आजारी, तं तिला सोसत न्हाई आता. मला पहिलेच माहीत असलं म्हंजे बरं असतं."

त्यांनी शब्द पाळला. रानात त्या कालचंच सांगतात. बायका खनपटीला बसतात, "शेवंताकाकू, एवढं सांगा, तिला पोरगा होतो का पोरगी?" आत्याबाई बोंडं वेचत राहतात. मागच्या वर्षी मालिकेतला म्हातारा सासरा गेला. सकाळी ते पाहून आत्याबाईंनी टीव्ही बंद केला आणि चहा तसाच ठेवला. संध्याकाळी त्या वेळेच्या आधीच निघाल्या. मी नंतर काकूंकडं विरजण मागायला गेले, तर दारातूनच परत फिरले. पडद्यावर रडारड चालली होती. काकूंनी पदर तोंडाला लावला होता आणि आत्याबाई त्यांच्या अगदी शेजारी, समोर पाहत बसल्या होत्या. मला वाटलं, काकूंना बिचाऱ्यांना यातलं काही ठाऊक नाही.

गेल्या रविवारी सावड केसरकाकूंच्या रानात होती, मीही गेले. ऊन कोवळं होतं, बोंडांवर अजून दहिवर होतं. आत्याबाई गड्याशी काही बोलायला बांधापर्यंत गेल्या होत्या. माझी पात काकूंच्या पातीला लागून. मी सहज विचारलं, "काकू, आत्याबाई आता पुढचं काही सांगून टाकत नाहीत ना?"

"तोंडानं न्हाई सांगत," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तिची बसायची जागा भिंतीपाशी. साधं काही असलं तं ती तिथंच टेकून बसती. पण काही वाईट व्हायचं असलं, की सुरुवातीपासून हळूहळू माझ्याकडं सरकत राहती. पहिली जाहिरात येईपर्यंत गुडघ्याला गुडघा लागतो. मंग मी समजून घेते, आज कोणीतरी जाणार." त्यांनी एक बोंड नीट, काडीकचरा न लागू देता मोकळं केलं आणि झोळीत टाकलं.

"मग त्यांना सांगितलं नाहीत कधी, कळतंय म्हणून?"

काकूंनी बांधाकडं पाहिलं. आत्याबाई परत येत होत्या. "सांगितलं तं भिंतीपाशीच बसंल ना ती," त्या हळूच म्हणाल्या.